परदेशातले कृषी प्रदर्शन पाहायला जावे का, आणि गेल्यास नेमके काय पाहावे?

शिवारवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघे शेतकरी मित्र २०२७ च्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी भरणारे ॲग्रीटेक्निका हे प्रदर्शन पाहायला जाण्याच्या विचारात आहोत. आम्हा तिघांचीही शेती लहान आहे. दोघांच्या द्राक्षबागा आहेत आणि तिसरा भाजीपाला पिकवतो. जर्मन कृषी संस्था डीएलजी हे प्रदर्शन विषम वर्षी भरवते आणि शेतीयंत्रांसाठी जगात यापेक्षा मोठे प्रदर्शन नाही असे सर्वत्र वाचायला मिळते. २०२३ मध्ये तेथे सुमारे ४ लाख ७० हजार लोक आले होते.

आमची गरज मर्यादित आहे. ओळीत दोन खोडांच्या मधले तण तणनाशकाशिवाय काढता यावे, आणि भाजीच्या वाफ्यांतली खुरपणी यंत्राने व्हावी, एवढेच आम्हाला हवे आहे. खरेदी लगेच करायची नाही. ज्यांनी हे किंवा अन्य देशांतले असे प्रदर्शन पाहिले आहे, त्यांनी सांगावे की एवढा खर्च करून जाण्यात लहान शेतकऱ्याला अर्थ आहे का, किती दिवस लागतात आणि तयारी काय करावी. विरोधी मतांचेही स्वागत आहे.

रानवारा

अवश्य जा. मी तेथे जाऊन आलो आहे आणि शेतीकडे पाहण्याची माझी नजर त्या आठवड्यात बदलली, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. वीसहून अधिक प्रचंड हॉल यंत्रांनी भरलेले असतात. नांगरांना वेगळा हॉल, पेरणी यंत्रांना वेगळा, फवारणीला वेगळा, बटाटा आणि बीट काढणीच्या यंत्रांना वेगळा. लेमकेन ही नांगर बनवणारी कंपनी १७८० पासूनची आहे आणि पेरणी यंत्रे बनवणारी ॲमेझोन १८८३ पासूनची. एकाच घराण्याने एकाच औजारावर पिढ्यान्‌पिढ्या काम केले की फाळाच्या वक्रतेत किती विचार मुरतो, ते तेथे हात लावून पाहता येते.

दिवसांविषयी सांगायचे तर दोन दिवसांत फक्त पाय दुखतात, पाहणे होत नाही. किमान तीन पूर्ण दिवस ठेवा आणि पहिला दिवस काहीही न विचारता नुसते फिरण्यासाठी राखून ठेवा.

बांधावरून

मी नेमके उलटे मत मांडतो. धागाकर्त्यांनी शेती लहान असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. हॅनोव्हरच्या मुख्य हॉलमध्ये चारशे-पाचशे अश्वशक्तीचे ट्रॅक्टर, बारा मीटर रुंदीची पेरणी यंत्रे आणि घराएवढे कंबाइन हार्वेस्टर उभे असतात. तो अनुभव विलक्षण असेल, पण त्यातले काय आपल्या बांधावरून आत येणार आहे? प्रत्येक कंपनी आपल्या यंत्राची चित्रफीत इंटरनेटवर ठेवते आणि त्यात यंत्र प्रत्यक्ष शेतात चालताना दिसते, तर प्रदर्शनात ते गालिच्यावर स्थिर उभे असते. विमानभाडे, मुक्काम आणि प्रवेश यांचा खर्च एकत्र केला तर त्यात बागेत कितीतरी उपयोगी काम होऊ शकते. केवळ भव्यता पाहायची असेल तर जा, पण त्याला अभ्यासदौरा म्हणू नका, अशी माझी विनंती आहे.

यंत्रमित्र

बांधावरून यांचा आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर 'नजर बदलते' एवढ्यावर देता येणार नाही. मी कृषी अभियांत्रिकीत काम करतो आणि अशा प्रदर्शनांना कामानिमित्त जातो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

परदेशी प्रदर्शनातले जवळजवळ प्रत्येक यंत्र हे त्या देशातल्या एखाद्या कायद्याचे किंवा टंचाईचे उत्तर असते. तो प्रश्न समजला नाही तर यंत्र नुसतेच आश्चर्यकारक वाटते. उदाहरणार्थ, हॅनोव्हरला रुंद औजारे घडी घालून अरुंद होताना दिसतात आणि पाहणारे त्या हायड्रॉलिक कसरतीवर खूश होतात. त्यामागचे कारण असे की जर्मनीत शेतीच्या औजाराची रुंदी तीन मीटरपेक्षा जास्त झाली की रस्त्यावरून नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते, त्यामुळे अभियंत्याला सारे काही तीन मीटरमध्ये बसवावे लागते. शेणस्लरीचे, म्हणजे शेण-मूत्राच्या पातळ खताचे टँकर पाहा. त्यांच्या मागे डझनावारी नळ्या लोंबताना दिसतात, कारण तिथल्या खत नियमांनुसार पेरलेल्या शेतात २०२० पासून आणि कुरणांवर फेब्रुवारी २०२५ पासून स्लरी उडवून टाकता येत नाही, ती जमिनीलगत पट्ट्यांमध्ये सोडावी लागते. अमोनिया हवेत जाऊ नये हा त्याचा हेतू आहे. मजुरीचे पाहा. जानेवारी २०२६ पासून जर्मनीत किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. खुरपणीचा तास एवढा महाग असेल तिथे कॅमेऱ्याने तण ओळखणारे यंत्र परवडते. तेच यंत्र दुसऱ्या हिशोबात परवडेलच असे नाही.

आता धागाकर्त्यांच्या गरजेकडे येतो. तणनाशकाशिवाय तण काढणे हा युरोपचा आजचा ज्वलंत प्रश्न आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाला युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी दहा वर्षांची मुदतवाढ दिली, तरी सदस्य देशांनी आपापल्या मर्यादा घातल्या आहेत आणि ग्राहकांचा दबाव वेगळाच. म्हणून यांत्रिक तणनियंत्रणात तिथे मोठी गुंतवणूक झाली आहे. याचा अर्थ असा की हे तिघे ज्या प्रश्नाचे उत्तर शोधत आहेत, तोच प्रश्न तिथल्या शेतकऱ्यालाही पडलेला आहे. प्रश्न समान असेल तर जाण्यात अर्थ आहे. प्रश्न वेगळा असेल तर बांधावरून म्हणतात तेच खरे.

आणखी एक सुचवतो. बहुतेक पाहुणे 'सिस्टिम्स अँड कॉम्पोनंट्स' नावाच्या विभागात फिरकत नाहीत. तेथे पूर्ण यंत्रे नसतात, तर पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद औजाराला देणारा फिरता दांडा), हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, बेअरिंग, गिअरबॉक्स, सेन्सर आणि खुरपणीची पाती असे सुटे भाग असतात. लहान शेतकऱ्याला आणि त्याच्या ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याला मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा हा विभाग कितीतरी अधिक देतो.

बांधावरून

यंत्रमित्र, तीन मीटरच्या नियमाविषयी मला माहिती नव्हती. आभार. असे स्पष्टीकरण देणारा माणूस सोबत असेल तर प्रदर्शनाचे मोल वाढते हे मान्य करतो. पण तो सोबत नसतो, हीच अडचण आहे.

द्राक्षवेल

सगळी चर्चा हॅनोव्हरभोवती फिरते आहे, म्हणून एक मूलभूत शंका मांडते. द्राक्षबागायतदाराने हॅनोव्हरच का निवडावे? तो प्रदेश गहू, बीट, बटाटा आणि मका यांचा आहे. जर्मनीतली द्राक्षे प्रामुख्याने ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या खोऱ्यांत, दूर नैर्ऋत्येला पिकतात.

द्राक्ष, ऑलिव्ह, फळे आणि भाजीपाला यांच्यासाठी फ्रान्समधल्या माँपेलिए येथे सितेवी नावाचे प्रदर्शन भरते. तेही विषम वर्षी आणि नोव्हेंबरच्या अखेरीस असते. २०२३ मध्ये ॲग्रीटेक्निका १२ ते १८ नोव्हेंबर आणि सितेवी २८ ते ३० नोव्हेंबर असे होते, तर २०२५ मध्ये ९ ते १५ आणि २५ ते २७ नोव्हेंबर. मधल्या दहा दिवसांत बागा आणि कार्यशाळा पाहता येतात, म्हणून दोन्ही एकाच प्रवासात जोडणे शक्य आहे. २०२७ च्या तारखा मात्र आयोजकांच्या संकेतस्थळावर पाहूनच तिकिटे काढावीत.

तुम्हाला हवे असलेले औजार तेथे स्टॉलमागून स्टॉल दिसेल. त्याला तेथे 'इंटरसेप' म्हणतात. ट्रॅक्टरच्या बाजूला एक पाते ओळीत शिरलेले असते, त्याच्या पुढे एक स्पर्शदांडी असते, दांडी खोडाला टेकली की हायड्रॉलिकने पाते आत ओढले जाते आणि खोड मागे गेले की पुन्हा ओळीत येते. पात्याऐवजी फिरती चकती, बोटांसारखे रबरी चाक किंवा दोऱ्यांचा ब्रशही लावता येतो. कोणत्या जमिनीत कोणते चालते यावर तिथले बागायतदार तासन्‌तास बोलतात, आणि खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळते.

सम वर्षी जाणे जमत असेल तर इटलीत बोलोन्या येथे १९६९ पासून भरणारे एइमा हे प्रदर्शन लहान शेतीसाठी माझ्या मते हॅनोव्हरपेक्षा सरस आहे. इटलीतली शेती डोंगरउतारांची आणि लहान तुकड्यांची आहे, त्यामुळे तिथल्या कंपन्यांनी अरुंद आणि बुटके ट्रॅक्टर तसेच पॉवर टिलरसारखी दोन चाकी यंत्रे यांवर आयुष्य घालवले आहे. अँटोनिओ कारारो आणि बीसीएस ही त्यांतली मोठी नावे. मांडवाखाली चालणारा ट्रॅक्टर पाहायचा असेल तर इटलीला पर्याय नाही. दक्षिणेकडच्या पुलिया प्रांतात खाण्याची द्राक्षे मांडवावरच घेतली जातात.

रानवारा

द्राक्षवेलताई, तुमचा मुद्दा मला पटला. मी स्वतः धान्य पिकवतो, म्हणून हॅनोव्हर माझ्या कामाचे ठरले. पीक पाहून प्रदर्शन निवडावे, हेच योग्य.

गोधन

थोडे विषयांतर करतो, पण ते उपयोगी आहे. ज्यांचा मुख्य व्यवसाय दूध, कुक्कुटपालन किंवा वराहपालन आहे, त्यांनी ॲग्रीटेक्निकाऐवजी युरोटियर पाहावे. तेही हॅनोव्हरच्याच मैदानावर, डीएलजीच भरवते, पण सम वर्षी. दोन्ही नावांत गफलत करून तिकीट काढणारे लोक मला भेटले आहेत.

दुसरे म्हणजे रोगांची काळजी. जानेवारी २०२५ मध्ये बर्लिनजवळच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात पाणम्हशींच्या कळपात लाळ्या-खुरकूत आढळला. जर्मनीत तो रोग १९८८ नंतर प्रथमच दिसला होता. त्याच महिन्यात बर्लिनला ग्रीन वीक हे मोठे प्रदर्शन भरले, तर त्यात गायी, मेंढ्या आणि शेळ्या आणल्याच नाहीत. एवढ्या गांभीर्याने ते लोक हे पाळतात. तेव्हा प्रदर्शनाला जोडून कोणाच्या गोठ्यावर जाणार असाल तर घरच्या गोठ्यात वापरलेले बूट घालून जाऊ नका, आणि परत आल्यावर तिकडचे बूट व कपडे धुतल्याशिवाय आपल्या जनावरांजवळ जाऊ नका. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये धोका नगण्य असतो. गोठ्यात तो खराखुरा असतो.

नवांकुर

प्रदर्शनात बियाण्यांचे नमुने मोफत मिळतात असे ऐकले आहे. ते आणता येतात का? एखादी नवी द्राक्षकाडी मिळाली तर?

द्राक्षवेल

नवांकुर, कृपया असे काही करू नका. बियाणे, रोप, काडी किंवा माती एका देशातून दुसऱ्या देशात नेताना ज्या देशात न्यायचे त्याचा आयात परवाना आणि जिथून न्यायचे त्या देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र साधारणपणे लागते. स्टॉलवर हातात दिलेल्या पाकिटासोबत यांपैकी काही नसते.

द्राक्षाच्या बाबतीत तर हा नियम रक्ताने लिहिलेला आहे. फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी मावावर्गीय कीड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणलेल्या द्राक्षरोपांबरोबर फ्रान्सला पोचली. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समधल्या बागा एकामागून एक वाळू लागल्या, आणि कारण कोणालाच कळेना. १८६८ मध्ये माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळे उकरून ही कीड शोधली. पुढे अमेरिकन खुंटावर (कीड सोसणाऱ्या वेलीच्या मुळाकडच्या भागावर) युरोपीय वाणाचे कलम करणे हाच उपाय ठरला आणि जगभर आज खुंटरोपांवर द्राक्षे घेतली जातात, ती त्यामुळेच. ज्या माँपेलिएला हे प्रदर्शन भरते त्याच शहराच्या परिसरात हे सारे घडले. नवा वाण आवडला तर पैदासकाराचे नाव आणि पत्ता लिहून घ्या आणि आपल्या देशातल्या परवानाधारकामार्फत रीतसर मागवा. वेळ लागेल, पण बाग सुरक्षित राहील.

नवांकुर

मनापासून आभार. फिलॉक्सेराचे नाव माहीत होते, पण ती अशी आली हे ठाऊक नव्हते.

मृद्‌गंधा

मूळ प्रश्नातला 'तयारी काय करावी' हा भाग अजून मागे राहिला आहे, त्यावर लिहिते.

प्रदर्शनाच्या संकेतस्थळावर कंपन्यांची यादी काही आठवडे आधी येते. त्यातून आपल्या कामाच्या दहा-बारा कंपन्या निवडून त्यांना आधीच ईमेल पाठवावी आणि भेटीची वेळ ठरवावी. न ठरवता गेल्यास स्टॉलवर माहितीपत्रक आणि स्मितहास्य मिळते. वेळ ठरवून गेल्यास अभियंता किंवा निर्यात विभागाचा माणूस समोर बसतो. ईमेलमध्ये आपले पीक, ओळींतले अंतर, ट्रॅक्टरची अश्वशक्ती आणि नेमकी अडचण लिहिली तर उत्तरही नेमके येते. दुपारी गर्दी सर्वाधिक असते, म्हणून महत्त्वाच्या भेटी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान ठेवाव्यात.

विचारायचे प्रश्न किमतीपासून सुरू करू नयेत. कोणता भाग सर्वांत लवकर झिजतो, तो किती तासांनी बदलावा लागतो, त्याचे माप प्रमाणित आहे की फक्त याच कंपनीकडे मिळतो, आणि सर्वांत जवळचा विक्रेता सुटा भाग किती दिवसांत देऊ शकतो, हे आधी विचारावे. या प्रश्नांवर जो विक्रेता गडबडतो, त्याचे यंत्र कितीही देखणे असले तरी पुढे जावे.

गटसहलीविषयी माझे मत कठोर आहे. मी एका सहल कंपनीबरोबर गेले होते. वेळापत्रकात प्रदर्शनासाठी जेमतेम एक दिवस होता आणि बाकीचे दिवस किल्ले, बाजारपेठा आणि नौकाविहार यांत गेले. सहलीला माझा विरोध नाही, पण शेतकऱ्यांकडून अभ्यासदौऱ्याच्या नावाने पैसे घेऊन असे करणे मला अन्यायाचे वाटते. पैसे भरण्यापूर्वी रोजचे लेखी वेळापत्रक मागावे.

एक गोष्ट भगिनींसाठी. स्टॉलवरचे लोक कित्येकदा सोबतच्या पुरुषाकडे पाहून बोलतात. आपण पहिला प्रश्न तांत्रिक विचारला, उदाहरणार्थ पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे हवा की १००० हवा, की संभाषण लगेच आपल्याकडे वळते. संकोच करू नका. बाग आपण सांभाळत असू तर प्रश्नही आपणच विचारायचे.

यंत्रमित्र

मृद्‌गंधाताईंच्या प्रश्नांत दोन भर घालतो.

पहिली भर किमतीविषयी. स्टॉलवर सांगितलेली किंमत बहुधा कारखान्याच्या दारातली असते. व्यापारी भाषेत तिला एक्स वर्क्स म्हणतात. बांधणी, बंदरापर्यंतची वाहतूक, जहाजभाडे, विमा, आयातशुल्क हे सारे त्यानंतर चढते. तेव्हा बंदरपोच दर लेखी मागावा आणि वजन व पेटीचे मापही विचारावे, कारण सुटे करून पाठवता येणारे औजार आणि अखंड पाठवावे लागणारे औजार यांच्या भाड्यात मोठा फरक पडतो.

दुसरी भर वीज आणि इंजिन यांविषयी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या तुलारी येथे दर फेब्रुवारीत वर्ल्ड ॲग एक्स्पो भरतो. तिथली विजेवर चालणारी प्रतवारी आणि पॅकिंगची यंत्रे ६० हर्ट्झ वारंवारितेच्या विजेची असतात. चार ध्रुवांच्या मोटरचा मूळ वेग ६० हर्ट्झवर मिनिटाला १८०० फेरे असतो आणि ५० हर्ट्झवर १५००. म्हणजे तेच यंत्र ५० हर्ट्झच्या देशात आणून जोडले तर एक षष्ठांश हळू चालेल, शिवाय व्होल्टेजचा मेळ बसला नाही तर मोटर तापेल. युरोपीय यंत्रांत ही अडचण नसते, पण तिथल्या नव्या ट्रॅक्टरांची इंजिने स्टेज फाइव्ह प्रदूषण मानकाची असतात आणि त्यांना अत्यल्प गंधकाचे डिझेल लागते. आपल्या डिझेलचा दर्जा आधी सांगून मगच इंजिनविषयी बोलावे.

रानवारा

बांधावरून यांनी यंत्रे गालिच्यावर स्थिर उभी असतात असे लिहिले, ते हॅनोव्हरपुरते खरे आहे. पण काही प्रदर्शने शेतातच भरतात. अमेरिकेत ऑगस्टअखेरीच्या सुमारास फार्म प्रोग्रेस शो असतो. तो विषम वर्षी इलिनॉयमधल्या डेकेटर येथे आणि सम वर्षी आयोवामधल्या बून येथे भरतो आणि तिथे उभ्या मक्यात काढणी करून दाखवतात. डीएलजीचेही फेल्डटागे नावाचे प्रदर्शन सम वर्षी जूनमध्ये खुल्या शेतात होते. तिथे वाणांचे प्रायोगिक वाफे शेजारी शेजारी लावलेले असतात आणि यंत्रे मातीत चालतात. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ मिस्टरी क्रीक येथे दर जूनमध्ये भरणारे फील्डेज हे चराऊ कुरणे आणि दुग्धव्यवसायासाठी नावाजलेले आहे. चालते यंत्र पाहणे हाच हेतू असेल तर अशा प्रदर्शनांचा विचार करावा.

भटका शेतकरी

व्यवहाराचे थोडे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा बंधनकारक आहे. दोन देश पाहणार असाल तर ज्या देशात अधिक दिवस राहणार त्या देशाच्या दूतावासाकडे अर्ज करायचा असतो. द्राक्षवेल यांनी सुचवलेला जर्मनी-फ्रान्स बेत करणाऱ्यांनी हे आधीच मोजून घ्यावे.

हॅनोव्हरमध्ये प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर प्रचंड चढतात. ब्राउनश्वाइग, हिल्डेसहाइम किंवा सेले या जवळच्या शहरांत राहून रोज रेल्वेने येणे सोयीचे पडते, आणि प्रदर्शनाजवळच हॅनोव्हर मेसे-लात्सेन नावाचे रेल्वे स्थानक आहे. काही स्थानिक कुटुंबे त्या काळात घरातली खोलीही भाड्याने देतात. नोव्हेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो आणि थंडी बोचरी असते. बूट जुने, सवयीचे आणि जाड तळव्याचे हवेत.

बांधावरून

इतकी माहिती वाचल्यावर माझे मत थोडे सुधारून मांडतो. द्राक्षबागायतदार दोघांनी माँपेलिएला जावे, यात मला आता शंका वाटत नाही. पण भाजीपाला पिकवणाऱ्या तिसऱ्या मित्राविषयी माझा आक्षेप कायम आहे. वाफ्यांतल्या खुरपणीसाठी जे रोबो दाखवले जातात ते अजून मोठ्या, सलग, सपाट शेतांसाठीच आहेत.

नवांकुर

बांधावरून, त्यात थोडा फरक करावासा वाटतो. डेन्मार्कच्या फार्मड्रॉइडचा रोबो सौरऊर्जेवर चालतो आणि त्याला तण ओळखणारा कॅमेराच नाही. पेरताना प्रत्येक बी कुठे टाकले ते तो आरटीके जीपीएसने (स्थान अतिशय अचूक सांगणाऱ्या उपग्रह यंत्रणेने) साधारण दोन सेंटिमीटरच्या अचूकतेने लक्षात ठेवतो आणि नंतर ती जागा सोडून उरलेली माती हलवतो. त्यामुळे पीक उगवण्यापूर्वीसुद्धा तण काढता येते. तो ताशी एक किलोमीटरच्याही आत, अगदी सावकाश चालतो. तो लहान शेताला परवडेल असे मी म्हणत नाही. पण 'तण शोधण्यापेक्षा पिकाची जागा लक्षात ठेवा' हा विचार साध्या औजारातही वापरता येईल. ओळी काटेकोर सरळ आणि समान अंतरावर असल्या की हाताने ढकलायचे चाककोळपेही ओळीच्या अगदी जवळून नेता येते.

यंत्रमित्र

नवांकुर यांचे निरीक्षण अचूक आहे. युरोपातल्या सेंद्रिय भाजी उत्पादकांकडे रोबोपेक्षा साधी औजारेच अधिक असतात. 'फिंगर वीडर' म्हणजे रबरी बोटांच्या दोन चकत्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी फिरतात आणि रोपांमधले कोवळे तण उपटतात. त्यांना मोटर नसते, जमिनीच्या घर्षणानेच त्या फिरतात. तण दोन पानांवर असतानाच ते काम करते, नंतर नाही. तिसऱ्या मित्राने हॅनोव्हरला गेल्यास रोबोच्या गर्दीत न थांबता या चकत्या हाताळून पाहाव्यात आणि बोटांच्या रबराचे कडकपणानुसार प्रकार विचारावेत. हलक्या आणि भारी जमिनीसाठी ते वेगवेगळे असतात.

शिवारवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एवढ्या तपशिलात उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. आम्ही तिघांनी एकत्र बसून पूर्ण धागा वाचला आणि बेत बदलला. आम्ही दोघे द्राक्षवाले सितेवीला जाणार आहोत, आणि तारखा जुळल्या तर आधी तीन दिवस हॅनोव्हरला तिघे मिळून सुटे भाग आणि खुरपणीच्या औजारांचे हॉल पाहू. फ्रान्समध्ये अधिक दिवस जाणार असल्याने अर्जही तिकडेच करू. बांधावरून यांनी खर्चाचा मुद्दा लावून धरला म्हणूनच आम्ही नीट विचार केला, हे आवर्जून नमूद करतो.

द्राक्षवेलताई, एक शेवटची विचारणा. आमच्या बागा वाय आकाराच्या आधारावर आहेत. इंटरसेपवाल्यांना ईमेल लिहिताना कोणती मापे द्यावीत?

द्राक्षवेल

हा प्रश्न योग्य वेळी विचारलात, कारण फ्रान्समधल्या वाइनच्या बागा तुमच्यापेक्षा फार वेगळ्या आहेत. बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये दोन ओळींत जेमतेम एक मीटर अंतर असते आणि ट्रॅक्टर ओळीच्या वरून चालतो. तुमची बाग डोळ्यांसमोर आल्याशिवाय तो विक्रेता बरोबर औजार सांगू शकणार नाही.

दोन ओळींतले आणि दोन वेलींतले अंतर, जमिनीपासून ओलांड्यापर्यंतची (खोडावरून तारेवर आडव्या नेलेल्या फांदीपर्यंतची) उंची, वायचे हात ओळीच्या बाहेर किती येतात ते माप, खोडाची जाडी आणि नव्या लागवडीतल्या सर्वांत कोवळ्या खोडाचे वय, हे सारे लिहा. स्पर्शदांडीचा दाब कोवळ्या खोडाला सोसेल असा जुळवावा लागतो. ओळीत बोद (मातीचा उंच वरंबा) असल्यास त्याची उंची आणि रुंदी द्या, कारण बहुतेक पाती सपाट जमिनीसाठी बनवलेली असतात आणि बोदासाठी वेगळा कोन लागतो. ठिबकची नळी जमिनीवर पडलेली आहे की तारेला टांगलेली, हे ठळकपणे लिहा. जमिनीवर असेल तर पहिल्याच फेरीत पाते ती कापून टाकेल, तेव्हा औजार आणण्यापूर्वी नळी वर बांधावीच लागेल.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा प्रवाह मिनिटाला किती लिटर आहे आणि दाब किती आहे, हे माहितीपुस्तिकेतून काढून लिहा. इंटरसेपला पाते सतत आतबाहेर करण्यासाठी अखंड तेल लागते आणि लहान ट्रॅक्टरचा पंप तेथे अपुरा पडू शकतो. अशा वेळी पीटीओवर चालणारा स्वतंत्र पंप आणि तेलाची टाकी असलेला संच मिळतो का, ते विचारा. त्याचे वजन मागच्या बाजूला वाढते, म्हणून पुढच्या वजनाचाही हिशोब त्याच ईमेलमध्ये मागून घ्या.